पस्तीस शब्दांची शपथ आणि यादीतलं एक नाव

(सामुदायिक रेडिओवर फेब्रुवारी २००९ मध्ये झालेलं भाषण)

भांडी घासायची राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आज मी बचतीचं, व्याजाचं, थकलेल्या हप्त्याचं काही बोलणार नाही. आज अमेरिकेतली एक गोष्ट सांगणार आहे. पण घाबरू नका, ती फिरून आपल्याच गावात येणार आहे.

२० जानेवारीचा मंगळवार. लोडशेडिंगमुळे त्या आठवड्यात आमच्याकडे लाईट रात्री दहाला यायची. लाईट आली तशी शेजारच्या आक्कांनी हाक मारली, "ये गं, तुझा तो अमेरिकेचा कार्यक्रम लागलाय." मीच दुपारी गटाच्या बैठकीत सांगून ठेवलं होतं, की आज तिथे नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार आहेत, बराक ओबामा, त्या देशाचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष. तिकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होतात. आम्ही पाच जणी गोधड्या पांघरून टीव्हीसमोर बसलो. तिकडे तर आपल्यापेक्षा किती तरी जास्त थंडी, पाणी गोठेल अशी. तरी वॉशिंग्टनच्या त्या लांबलचक मैदानात माणसंच माणसं. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा आला, अंदाजे अठरा लाख.

बायकांची नजर कशी असते तुम्हाला माहीत आहे. आधी चर्चा झाली ती ओबामांच्या बायकोच्या, मिशेल यांच्या पिवळसर पोशाखाची. मग दोन लहान मुलींची. मग अरेथा फ्रँकलिन नावाच्या मोठ्या गायिका गायला उभ्या राहिल्या, त्यांच्या करड्या टोपीवरचा केवढा तो फुलपाखरासारखा बो बघून माझी जाऊ म्हणाली, "लग्नातल्या फेट्याला मागे टाकलं हिनं."

आणि मग आक्कांनी तो प्रश्न विचारला. आक्का सत्तरीच्या आहेत, बोलायला सडेतोड. म्हणाल्या, "ह्याचा आपल्याला काय उपेग गं? त्यो तिकडं गादीवर बसला, म्हणून आपल्या नळाला पाणी येणार हाय का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर आमच्या संस्थेतल्या ताईंनी इंटरनेटवरून थोडी माहिती काढून दिली, ग्रंथालयातली पुस्तकं चाळली, आणि पंधरा दिवस मी त्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिले. आजचं बोलणं म्हणजे आक्कांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी शपथेबद्दल सांगते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची शपथ इंग्रजीत अवघी पस्तीस शब्दांची आहे. हे पद मी निष्ठेने सांभाळीन आणि राज्यघटनेचं रक्षण करीन, एवढाच तिचा अर्थ. सरन्यायाधीश एकेक तुकडा सांगतात आणि राष्ट्राध्यक्ष मागून म्हणतात. त्या दिवशी सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्याकडून एक शब्द मागेपुढे झाला. ओबामा क्षणभर थांबले. एवढ्या लाख लोकांसमोर गोंधळ! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या घरी, म्हणजे व्हाइट हाउसमध्ये, मोजक्या माणसांसमोर ती शपथ पुन्हा घेतली गेली. कुणी शंका काढायला नको म्हणून.

मला हे फार आवडलं. म्हणजे एवढा मोठा माणूस, साऱ्या जगाने पाहिलं, तरी एक शब्द चुकला तर पुन्हा म्हणायचा. माणसापेक्षा नियम मोठा.

आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली. मावळते राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश तिथेच बसले होते. ते दुसऱ्या पक्षाचे. निवडणूकभर ओबामांनी त्यांच्या कारभारावर टीका केलेली. पण ते आले, बसले, सगळं ऐकलं, आणि कार्यक्रम संपल्यावर हेलिकॉप्टरने निघून गेले. ना दगड पडला, ना गोळी सुटली. जगातल्या सर्वांत बलाढ्य लष्कराचा ताबा एका माणसाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला.

मैत्रिणींनो, हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या गटांचंच बघा. नियम आहे की अध्यक्ष आणि सचिव ठरलेल्या मुदतीनंतर बदलायचे. मी ज्या गटांचं काम बघते त्यातल्या एका गटात अध्यक्षताईंची मुदत संपली तरी त्या इतिवृत्ताची वही आणि शिक्का देईनात. "मी गट उभा केला, आता मला बाजूला करता?" असं म्हणायच्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यांनी खरंच खस्ता खाल्ल्या होत्या. पण वही गटाची असते. चार महिने बँकेचा व्यवहार अडला. शेवटी त्यांनीच भर बैठकीत नव्या अध्यक्षांच्या हातात वही ठेवली, आणि डोळे पुसत का होईना, चहा त्यांनीच केला. आम्हाला बारा बायकांच्या गटात चार महिने लागले. म्हणून खुर्ची सोडून जाणाऱ्या माणसाकडेही बघायला शिकलं पाहिजे.

आता, एवढी गर्दी का लोटली? लोक रडत का होते? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ज्या इमारतीच्या पायऱ्यांवर ओबामा उभे होते ती अमेरिकेची संसद, कॅपिटल. ती इमारत बांधताना आणि व्हाइट हाउस बांधतानाही आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या वंशजांना राबवलं गेलं. दगड त्यांनी फोडले, लाकूड त्यांनी कापलं, आणि मजुरी जमा झाली ती त्यांच्या मालकांच्या नावावर. मिशेल ओबामांचे पणजोबांच्याही आधीच्या पिढीतले पूर्वज दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या भाताच्या मळ्यावर गुलाम होते. त्यांच्या वंशातली बाई आता त्या घरात मालकीण म्हणून राहायला गेली.

गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ साली. १८७० साली घटनेत दुरुस्ती झाली की वर्णावरून कुणाचा मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही. बायकांना सगळ्या देशात हा हक्क मिळायला १९२० साल उजाडलं. पण कागदावर हक्क मिळाला तरी यादीत नाव मात्र लागेना. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाने नाव नोंदवायला जायचं तर मतदानासाठी कर भरा, लिहिता-वाचता येतं का याची परीक्षा द्या. परीक्षा घेणारा गोरा कारकून, प्रश्न ठरवणारा तोच, नापास करणाराही तोच. वर नोकरी जाण्याची, घर जळण्याची भीती. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा झाला तेव्हा कुठे हे अडथळे मोडायला लागले. ओबामा तेव्हा चार वर्षांचे होते.

या लढ्यातली मोठी नावं तुम्ही ऐकली असतील. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव तर नक्कीच. ते गांधीजींना मानायचे, १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात उतरले होते. त्यांचं प्रसिद्ध भाषण १९६३ साली झालं ते याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. पण मी आज तुम्हाला अशा बायकांबद्दल सांगणार आहे ज्यांची नावं आपल्याकडे कुणाला फारशी माहीत नाहीत.

१९५५ साली माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. मग काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस चालवला. वर्षभर लोक कामाला पायी गेले किंवा मिळेल त्या गाडीने. त्या गाड्यांना पेट्रोल लागायचं, पैसा लागायचा. तो कुठून यायचा? जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. तिने आसपासच्या बायका जमवल्या. कोंबडी तळायची, गोड पदार्थ भाजायचे, घरोघरी विकायचे आणि आलेला पैसा सभेत नेऊन द्यायचा. ज्या बायका देत होत्या त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून नाव कुणाचं सांगायचं नाही. त्यांच्या मंडळाचं नावच पडलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठूनच नाही' मंडळ. पैसे कुठून आले? कुठूनच नाही! आपण शेंगदाण्याची चटणी आणि पापड विकून गटाचा निधी उभा करतो तेव्हा मला आता हे मंडळ आठवतं.

दुसरी बाई फॅनी लू हेमर. मिसिसिपी राज्यातली. वाट्याने शेती करणाऱ्या आईबापांचं विसावं लेकरू. सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला. शाळा थोडीच झाली. पुढे मळ्यावर मजुरांची हजेरी आणि कापसाचा हिशोब ठेवायचं काम करायची. १९६२ साली गावातल्या चर्चमध्ये एक बैठक झाली, तिथे तिने पहिल्यांदा ऐकलं की काळ्या माणसांनाही मत देता येतं. वय वर्षं ४४. हक्क मिळून नव्वद वर्षं झाली होती आणि तिच्यापर्यंत कुणी बातमीच पोहोचवली नव्हती.

ती आणि गावातले आणखी काही जण एका जुन्या बसने तालुक्यासारख्या ठिकाणी नाव नोंदवायला गेले. परीक्षेत राज्यघटनेतल्या एका अवघड कलमाचा अर्थ विचारला. अर्थातच नापास. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि दंड केला. कारण काय, तर बसचा रंग जास्तच पिवळा आहे, शाळेच्या बससारखा! घरी पोहोचते तोवर मळ्याच्या मालकाला बातमी लागलेली. नाव काढून घे, नाहीतर मळा सोड. त्याच रात्री तिने अठरा वर्षांचं काम आणि डोक्यावरचं छप्पर सोडलं, पण नाव नोंदवायचा हट्ट सोडला नाही. पुढच्या जानेवारीत ती परीक्षा पास झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तिला तुरुंगात इतकं मारलं की त्याचं दुखणं जन्मभर राहिलं. १९६४ साली पक्षाच्या अधिवेशनात तिने हे सगळं कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि सगळ्या देशाने ऐकलं.

आता गटातल्या बायकांसाठी खास गोष्ट. मत मिळालं म्हणून पोट भरत नाही, हे हेमरबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी गरीब कुटुंबांसाठी डुकरांची बँक काढली. हसू नका! सुमारे चाळीस जनावरांपासून सुरुवात केली. गरजू कुटुंबाला मादी द्यायची, पिल्लं झाली की ठरलेली पिल्लं बँकेला परत, तीच पुढच्या कुटुंबाला. आपली शेळी बँक याच पद्धतीने चालते की नाही? पुढे त्यांनी सामायिक शेतीही उभी केली. १९७७ साली त्या वारल्या. २० जानेवारीचा सोहळा त्यांनी पाहिला नाही. पण मला विचाराल तर त्या पायऱ्यांवरची पहिली पायरी अशा बायकांनी घातली आहे.

ओबामांच्या आईचंही ऐका. त्यांचं नाव अ‍ॅन डनहॅम. मुलगा लहान असतानाच नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. शिकत राहिल्या, इंडोनेशियात जावा बेटावर जाऊन राहिल्या आणि तिथल्या खेड्यातल्या लोहारांवर प्रबंध लिहिला. नंतर तिथल्या बँकेसाठी गरिबांना छोटी कर्जं देण्याच्या कामात सल्लागार झाल्या. म्हणजे आपल्याच धंद्यातल्या! पुढे न्यूयॉर्कमध्ये 'विमेन्स वर्ल्ड बँकिंग' या संस्थेत काम केलं. ती संस्था उभी करणाऱ्यांत अहमदाबादच्या 'सेवा'च्या इलाबेन भट्ट होत्या. बघा, धागा कुठून कुठे जातो. अ‍ॅन १९९५ साली कर्करोगाने गेल्या. मुलाला वाढवण्यात ज्या आजीचा मोठा वाटा होता, ती तर गेल्या नोव्हेंबरात मतदानाच्या अगदी तोंडावर वारली.

हे सगळं सांगितल्यावर आक्का म्हणाल्या, "बरं, झाला अध्यक्ष. आता पुढं?"

पुढचं एक सांगण्यासारखं आहे. ओबामांनी सही केलेला पहिला कायदा बायकांच्या मजुरीचा आहे. २९ जानेवारीला, म्हणजे शपथेनंतर नऊ दिवसांनी. लिली लेडबेटर नावाच्या बाई अलाबामा राज्यातल्या टायरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं होत्या. निवृत्तीच्या सुमारास कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा कळलं की त्याच कामाला पुरुषांना जास्त पगार मिळतो. त्या कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितलं की तुम्ही मुदतीत तक्रार केली नाही. जे माहीतच नव्हतं त्याची तक्रार कशी करणार? आता नव्या कायद्याने प्रत्येक कमी पगारापासून मुदत नव्याने धरली जाईल. लेडबेटरबाईंना स्वतःला एक पैसाही मिळाला नाही, फायदा पुढच्या बायकांना.

म्हणजे गादीवरचा माणूस बदलला की काहीच बदलत नाही, असं नाही. पण सगळं बदलतं असंही नाही. तिथे मंदीने लोकांच्या नोकऱ्या जात आहेत, घरं जप्त होत आहेत, आणि काळ्या वस्त्यांतली गरिबी एका शपथेने हटणार नाही. आपल्याकडेही समान मजुरीचा कायदा १९७६ पासून आहे. पण खुरपणीला बाईची हजेरी किती आणि गड्याची किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. २५ जुलै २००७ ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, आपल्या जळगावच्या. आम्ही पेढे वाटले होते. त्याच महिन्यात आमच्या ग्रामसभेत बायका किती होत्या? चार. आणि रजिस्टरवर सह्या व अंगठे? चाळीस. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी आला होता.

इथे मला आपल्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेतल्यासारखी वाट आपल्याला पाहावी लागली नाही. १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बाई-पुरुष, गरीब-श्रीमंत, शिकलेले-अडाणी, सगळ्यांना एक मत. बाबासाहेबांच्या आणि घटना समितीच्या कृपेने ते आयतं पदरात पडलं. पण यादी करताना काय झालं? कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगाने ठरवलं की नाव नसेल तर मत नाही. देशभरात, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नोंद त्यामुळे गळाली. अठ्ठावीस लाख! त्यांना कुणी मारलं नव्हतं, परीक्षा घेतली नव्हती. फक्त नाव नव्हतं.

आणि आता माझी गोष्ट. मी बी.ए. झालेली, बायकांना हक्क समजावून सांगणारी. २००४ च्या निवडणुकीत नवी साडी नेसून रांगेत उभी राहिले, तासाभराने टेबलाशी पोहोचले, तर यादीत माझं नाव नाही. लग्नानंतर माहेरच्या यादीतून ते कधीतरी कमी झालेलं, सासरच्या यादीत कुणी घातलेलंच नाही. घरातल्या पुरुषांची नावं होती, सासूबाईंचं होतं. माझं घालायला हवं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. मागे उभ्या असलेल्या बायका बघत होत्या. मी पदर सावरून परत आले आणि घरी कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या बाईने स्वतःचं पान कधी उघडून पाहिलं नव्हतं.

मैत्रिणींनो, लोकसभेची निवडणूक येत्या दोन-तीन महिन्यांत आहे. मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, नवऱ्यालाही सांगू नका. मी फक्त यादीबद्दल सांगते.

पहिलं, यादी बघून या. तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत ती असते. फोटोचं ओळखपत्र घरात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असं समजू नका. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, नाव नसेल तर नमुना ६ चा अर्ज भरा, सोबत फोटो, वयाचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. १ जानेवारी २००९ ला ज्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली त्या मुलींचीही नावं घाला. तिसरं, नव्या सुनांनी लक्ष द्या. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, म्हणून सासरी अर्ज करताना माहेरचं नाव कमी करायला सांगा. चौथं, नाव, वय चुकलं असेल तर नमुना ८ भरा. आणि शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, तेव्हा गर्दी होते आणि आपलाच कागद राहून जातो.

आम्ही मागच्या आठवड्यात आमच्या गटाची नावं तपासली. चौदा जणींपैकी तिघींची नावं नव्हती. त्यातली एक डी.एड. झालेली सून. आक्कांचं नाव होतं, पण पुढे लिहिलं होतं 'पुरुष'. सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सत्तर वर्सं बाई म्हणून राबले, आणि कागदावर गडी व्हय? भर गं तो फारम."

त्यांनी अर्जावर अंगठा नाही उठवला. साक्षरता वर्गात शिकलेली सही केली, हळूहळू, एकेक अक्षर जोडून. नळाला पाणी येईल की नाही ते मी आजही सांगू शकत नाही. पण पाणी मागायला जे कुणी येतील त्यांच्या यादीत आक्कांचं नाव नीट असेल, एवढं नक्की.

पुढच्या मंगळवारी पुन्हा भेटू. तोवर एक काम करा, बैठकीला येताना आपापलं यादीतलं नाव आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून आणा.